कोकणातलं जुनं कौलारू घर स्वतः दुरुस्त करताना: कामाचा क्रम, साहित्य आणि टाळायचे खड्डे

गावचं बंद घर उघडायचं ठरलं की सल्ल्यांना तोटा नसतो. निम्मे लोक म्हणतात पाडा आणि स्लॅबचं बांधा. उरलेले म्हणतात सगळीकडून सिमेंट मारून घ्या, म्हणजे कटकट मिटली. मला विचाराल तर यातला दुसरा सल्ला जास्त महागात पडतो, आणि हा लेख बराचसा त्याच्याविरुद्ध आहे.

हे मार्गदर्शन कोणासाठी, ते आधी सांगतो. घर रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याच्या पट्ट्यातलं, जांभ्या चिऱ्याचं, भिंती मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या, वर लाकडी आढं-वासे आणि मंगळुरी कौलं. तुम्ही मुंबई-पुण्याला किंवा त्याहून लांब राहता, सुट्टीत येता, आणि जमेल तेवढं काम स्वतःच्या हातानं करायची हौस आहे. सिंधुदुर्गातल्या आमच्या घराचं बहुतेक काम मी असंच केलं. सुतार आणि वायरमन तेवढे लावले. देशावरच्या धाब्याच्या किंवा माळवदाच्या घराला यातलं काही लागू पडेल, सगळं नाही.

बहुतेक जण सुरुवात करतात रंगापासून किंवा न्हाणीघराच्या टाइल्सपासून. दोन पावसाळ्यांत रंग फुगतो आणि खर्च वाया जातो. क्रम असा ठेवा: आधी घराभोवतीचं पाणी, मग छप्पर, मग लाकूड, मग भिंती, आणि जमीन-रंग अगदी शेवटी.

१. कागद आणि भावकी

घर वडिलोपार्जित असेल तर हातोडा उचलण्यापूर्वी हे जमवा:

– ज्या जमिनीत घर आहे तिचा ताजा सातबारा
– ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना ८
– आजोबा-वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली आहे का, त्याचा फेरफार
– सहहिस्सेदारांची लेखी संमती
– वीजबिल, ज्याच्या नावावर असेल त्याच्या नावाचं
– घराचे आत-बाहेरचे फोटो, तारखेसकट

नमुना ८ वर नाव आहे म्हणून घर आपलं, असं धरून चालू नका. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. सामाईक घरात चुलत्याचा मुलगा वर्षानुवर्षं फिरकलेला नसतो, पण नवी कौलं चढली की हमखास फोन येतो. फोनवरच्या 'कर रे, माझी काय हरकत' या वाक्यावर विसंबू नका. साध्या कागदावर का होईना, काय काम करणार आणि खर्चाचा हिशोब कसा धरायचा, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

आहे तसं घर दुरुस्त करणं वेगळं आणि एखादी खोली वाढवणं वेगळं. वाढवणार असाल तर परवानगीचं आधी ग्रामपंचायतीत लेखी विचारा. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या निर्बंधांचा, प्रश्नही तिथेच निघेल.

लाकडासाठी आवारातला फणस पाडायचा विचार असेल तर थांबा. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात सागाबरोबर आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी झाडंही येतात. आपल्या जमिनीतलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते.

२. एक पावसाळा घरात काढा

काम लगेच सुरू करायची घाई असते, पण जुलैत चार-सहा दिवस घरात राहिल्याशिवाय खर्चाची यादी करू नका. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मे महिन्यात धडधाकट दिसणारं घर जुलैत सगळं सांगून टाकतं.

खडू घेऊन फिरा. जिथे थेंब पडतो तिथे जमिनीवर खूण करा, मग बॅटरी घेऊन वर बघा. थेंब पडतो त्याच्या डोक्यावरच कौल फुटलेलं असेल असं नसतं. पाणी वाशावरून घरंगळत येतं आणि गाठ किंवा खिळा आला की खाली पडतं. म्हणून वासा हातानं चाचपत आढ्याच्या दिशेनं वर जा.

बाहेर छत्री घेऊन एक फेरी मारा. पागोळ्या कुठे पडतात, उडालेलं पाणी भिंतीवर किती उंच जातं, अंगणातलं पाणी घराकडे येतं की घरापासून जातं, हे सगळं मोबाईलवर टिपून ठेवा. मे महिन्यात आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

लाकूड तपासायला पेचकस पुरतो. वासे आणि तुळया जिथे भिंतीत शिरतात तिथे तो टोचून बघा, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते. पेचकस सहज आत गेला तर ते लाकूड गेलं. भिंतीतल्या भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या खेपेला भेग रेघेपलीकडे गेलेली दिसली, किंवा भिंत ओळंब्याला उभी नसेल, पोट सुटल्यासारखी बाहेर आली असेल, तर पुढचं काम आपलं नाही. इंजिनिअर बोलवा, आणि शक्यतो जुन्या दगडी बांधकामाची माहिती असलेला बोलवा. स्लॅब-कॉलम करणारा माणूस आला तर तो पाडायलाच सांगणार.

३. घराभोवतीचं पाणी

हे काम सगळ्यात स्वस्त आहे, त्याला लागते फक्त कुदळ आणि घमेलं. गंमत म्हणजे तेच कोणी करत नाही.

जुनी घरं उंच जोत्यावर बांधलेली असतात. मागच्या पन्नास वर्षांत मागल्या दारी पालापाचोळा, माती, पडलेले चिरे साठत साठत जमीन वर चढते आणि जोतं निम्मं पुरलं जातं. मग भिंत खालून पाणी ओढते आणि आत कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल दिसते. ही माती काढा. जोत्याचा मूळ दगड दिसेपर्यंत काढा, पण पायाच्या खाली जाऊ नका. पायालगत खोल चर मारला तर भिंत खचू शकते.

त्यानंतर अंगणाचा उतार बघा. कोणीतरी मधल्या काळात खळ्यावर, म्हणजे अंगणातच, काँक्रीट टाकलेलं असतं आणि त्याचा उतार नेमका घराकडे असतो. तो पट्टा फोडावा लागला तरी फोडा. पागोळ्या पडतात त्या रेषेखाली उथळ गटार काढून पाणी घरापासून लांब न्या. पन्हळ लावणार असाल तर मोठ्या मापाची लावा. शहरातल्या बाल्कनीची पाइप इथल्या पावसात काही मिनिटांत ओसंडते, वर तिच्यात आंब्याची पानं अडकतात ती वेगळीच.

एवढं करून एक पावसाळा जाऊ दिला तर भिंतीतली ओल बऱ्याच घरांत आपोआप कमी होते. वॉटरप्रूफिंगची केमिकलं विकणारा हे सांगणार नाही.

४. छप्पर

कौलं परतायचं काम मार्च ते मे या काळातलं. मृग साधारण ७ जूनला लागतो. त्याच्या निदान तीन आठवडे आधी छप्पर बंद झालेलं असलं पाहिजे, कारण मे महिन्यात वळीव विचारून येत नाही. म्हणून सगळं छप्पर एकदम उघडू नका. संध्याकाळपर्यंत झाकता येईल एवढाच पट्टा उघडा, आणि ताडपत्री वर चढवून ठेवा. खाली घडी करून ठेवलेली ताडपत्री पाऊस आल्यावर उपयोगी पडत नाही.

वर चढताना एकटे नसावं. कौलावर पाय द्यायचाच झाला तर जिथे दोन कौलं एकमेकांवर बसतात आणि खाली रीप (कौलं टेकतात ती लाकडी पट्टी) आहे तिथे द्या. त्याहून बरं म्हणजे आढ्याला दोरानं बांधलेली शिडी छपरावर आडवी टाकून तिच्यावरून चालणं. कमरेला दोर, डोक्यावर हेल्मेट, आणि शेवाळलेल्या छपरावर सकाळच्या दवात चढायचं नाही.

कौलं उतरवताना आढ्यावरच्या कोन्यांपासून (दोन उतारांचा सांधा झाकणाऱ्या कौलांपासून) खाली यायचं. उतरवलेली कौलं उभी रचा. आडवी थप्पी केली तर खालची फुटतात. काथ्याच्या ब्रशनं शेवाळ काढा आणि प्रत्येक कौल बोटानं वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर त्याला केसाएवढी चीर आहे.

आता या कामातला सगळ्यात मोठा सापळा. मंगळुरी कौलांचा धंदा १८६० च्या दशकात बासेल मिशननं मंगळूरला सुरू केला. पुढे कारखाने वाढत गेले आणि प्रत्येकाचा साचा थोडा निराळा राहिला. कौलाच्या खालच्या बाजूला कारखान्याचा शिक्का असतो. दोन वेगळ्या शिक्क्यांची कौलं एका ओळीत बसवली तर खाचा जुळत नाहीत आणि त्या फटीतून पाणी येतं. म्हणून कमी पडणारी कौलं विकत घेण्यापूर्वी आपलं एक कौल बरोबर न्या. गावात कुठे घर पाडत असतील तर तिथे आधी चौकशी करा, जुनी कौलं नव्याहून घट्ट भाजलेली असतात. तरीही दोन जाती झाल्याच तर एका उतारावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी लावा.

रिपा बदलताना अंतर दुकानदाराला विचारू नका. आपली दोन कौलं खाचेत बसवा आणि एका कौलाच्या नाकापासून (रिपेवर अडकणाऱ्या खालच्या उंचवट्यापासून) दुसऱ्याच्या नाकापर्यंत मोजा, तेच तुमचं अंतर. या मापाचा एक लाकडी ठोकळा कापून घेतला की टेप लागत नाही. पागोळीकडची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, कारण तिच्याखाली दुसरं कौल नसतं. ती तशी नसेल तर पहिली ओळ पुढच्या बाजूला झुकून बसते.

कोने बसवताना सिमेंट भरभरून लावायची पद्धत पडली आहे. लाकडी छप्पर उन्हापावसात हलतं, सिमेंट हलत नाही, मग तिथेच चीर जाते. चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) यांचा माल थोडा लवचीक राहतो.

माकडांचं काय, हा प्रश्न येणारच. आमच्या भागात कौलं काढून पत्रे घालण्याचं खरं कारण माकडंच आहेत, पैसा नव्हे. कौलांखाली पत्रा घालायचा मार्ग आहे. पण पत्र्यावर वाशांच्या दिशेनं उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि मग कौलं, असं केलं तरच. मधून वारा खेळला नाही आणि ठिबकलेलं पाणी वाहून गेलं नाही तर रिपा कुजतात. प्लॅस्टिकचा कागद थेट रिपेखाली ताणून बसवला तर तेच होतं. आणि वजन वाढतं, तेव्हा वासे तेवढे सशक्त आहेत का हे सुताराकडून बघून घ्या.

पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे समजा. ते कापू नका, भोकं पाडू नका, फोडू नका. काढायचेच असतील तर पाण्यानं भिजवून, अख्खे, चांगला मास्क लावून काढा.

५. लाकूड आणि वाळवी

मातीची नळी दिसली म्हणजे वाळवी आहेच असं नाही, ती निघून गेलेलीही असते. नळी थोडी मोडून ठेवा. काही दिवसांत पुन्हा बांधली गेली तर वस्ती चालू आहे. लाकडाखाली पिठासारखा ताजा भुगा पडत असेल तर तो भुंगेरा, त्याचा उपाय वेगळा.

पूर्वी चुलीचा धूर माळ्यापर्यंत जायचा आणि किडे दूर राहायचे. आता गॅस आहे आणि घर आठ महिने बंद, त्यामुळे हा पहारा उठला आहे. वाळवीच्या औषधाचं काम परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच करून घ्या, आणि विहीर कुठे आहे हे त्याला आधी दाखवा. जांभा सच्छिद्र असतो. घराच्या पायात ओतलेलं औषध विहिरीत उतरणार नाही, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

वाशाचं टोक कुजलं म्हणून अख्खा वासा बदलायची गरज नसते. कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून तिथे तिरका सांधा करून नवा तुकडा जोडता येतो. किरकोळ वाशाचं हे काम हात बसलेला माणूस स्वतः करू शकतो. तुळई, खांब आणि आढं मात्र सुताराचंच. टेकू कुठे द्यायचा हे चुकलं तर छप्पर खाली येतं.

लाकडाला तेल द्यायचं तर दोन सूचना. काजूच्या टरफलाचं तेल वाळवीला चांगलं, पण कातडी भाजतं आणि फोड येतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. जवसाच्या तेलाची फडकी कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दारं-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ चे, म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसं असण्याची शक्यता भरपूर. पाणी मारून, वॉटर पेपरनं घासा. मुलांना त्या वेळी शेजारी पाठवा.

६. भिंती: इथे सिमेंट नको

जांभा मऊ आणि सच्छिद्र. भिंतीत ओल येणार हे जुन्या गवंड्यांनी गृहीतच धरलं होतं. चुन्याच्या दरजांतून, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतून, आणि गिलाव्यातून ती बाहेर पडून जायची. तिथे सिमेंट भरलं की बारीक चिरांतून पाणी आत जातंच, पण दरजेतून बाहेर पडू शकत नाही. मग ते चिऱ्यातून निघतं आणि चिऱ्याचा पापुद्रा सुटतो. काही वर्षांनी सिमेंटच्या दरजा कड्यांसारख्या पुढे आलेल्या आणि दगड मागे खचलेला, अशी भिंत दिसते.

आधीच सिमेंटचा गिलावा असेल तर हलक्या हातानं छिन्नी लावून बघा. पोकळ वाजतो तिथे सहज सुटेल. दगडाचा चेहरा घेऊनच निघत असेल तर सोडून द्या, तो स्वतः सुटेपर्यंत थांबा.

चुना दोन प्रकारे मिळतो: कळीचा, म्हणजे न विझवलेला, आणि पिशवीतली विझवलेली पूड. नवख्यानं पुडीपासून सुरुवात करावी. ती पाण्यात भिजवून निदान दोन दिवस ठेवली की काम भागतं. कळीचा चुना विझवायचाच असेल तर लोखंडी पिंपात आधी पाणी, मग थोडा थोडा चुना, असाच क्रम. पाणी उकळतं, शिंतोडे उडतात. डोळ्यांना गॉगल नसेल तर हे काम करू नका, कारण चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. विझलेला चुना पाण्याखाली दोन आठवडे तरी मुरू द्या. जितका मुरेल तितका चांगला.

माल: मुरलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू अडीच ते तीन भाग. पावसाच्या तोंडाच्या भिंतीसाठी वाळूतला एक भाग काढून त्याजागी सुरखी घाला. दमट हवेत चुना आळायला तिची मदत होते. वाळू नदीची किंवा धुतलेली कृत्रिम. खाडीची वाळू दारात स्वस्त येते, पण तिच्यातलं मीठ आयुष्यभर हवेतून ओल ओढत राहतं. फुकट मिळाली तरी नको.

दरजा दोन-अडीच सेंटिमीटर खोल खरवडा, ब्रशनं भुकटी झाडा, भिंत चांगली भिजवा. कोरड्या भिंतीवर लावलेला चुना दुसऱ्या दिवशी बोटानं झडतो. माल थापीनं दाबून भरा, थोडा आळला की ताठ ब्रशनं ठोका. त्यानंतर आठवडाभर गोणपाट ओलं करून समोर टांगा. हे काम डिसेंबर-जानेवारीतच करा. एप्रिलच्या उन्हात चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होण्याआधीच वाळतो आणि त्याची पूड होते.

पहिल्यांदा हात मागच्या भिंतीवर, गोठ्याच्या बाजूला चालवून बघा. ओटीवरची दर्शनी भिंत शेवटी.

७. वीज आणि न्हाणीघर

वीज स्वतः करायची नाही. परवानाधारक वायरमनकडून पूर्ण नवीन वायरिंग, अर्थिंगचा खड्डा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. तुम्ही फक्त पॉइंट कुठे हवेत ते ठरवा, खाचा मारायला मदत करा. माळ्यावरून जाणारी वायर पाइपातूनच न्या, उंदीर कुरतडतात.

न्हाणीघर आणि संडास मूळ घराच्या भिंतीला चिकटवू नका, मधे वावभर (दोन्ही हात पसरल्याएवढी) का होईना जागा सोडा. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास-साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला, शेजाऱ्याची विहीर धरून.

८. जमीन आणि रंग

सारवणाच्या जमिनीवर थेट व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या की खालची ओल भिंतींकडे वळते. घराभोवतीचं पाणी हटवून एक पावसाळा गेल्यावर जमीन कोरडी राहते का ते बघा, मग ठरवा. मला विचाराल तर माजघरात चुन्याच्या थरावर बसवलेली शहाबादी फरशी बरी. एका खोलीत सारवण तसंच ठेवलं तरी बिघडत नाही, मात्र रोज राहणारं कोणी हवं.

चुन्याच्या भिंतीवर प्लॅस्टिक इमल्शन लावलं की सगळी मेहनत फुकट. चुन्याची सफेदी द्या. दुधाइतकी पातळ, तीन-चार हात. पहिल्या हाताला काहीच झाकलं गेलं नाही असं वाटेल. वाळल्यावर पांढरं होतं.

हत्यारं, जी खरंच लागतात

कुदळ, घमेलं, फावडं, ओळंबा, पाण्याची लेव्हल-पाइप, छिन्नी-हातोडा, छोट्या पात्याची थापी, काथ्याचा आणि ताठ केसांचा ब्रश, हातकरवत, पेचकस, दोर, भक्कम शिडी, ताडपत्री, गॉगल, मास्क, रबरी हातमोजे. मोठी ड्रिल मशिन घेऊ नका. ठोक्याच्या मशिननं चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना मागचा मातीचा सांधा निखळतो. लागेल तेव्हा साधी ड्रिल, ठोका बंद करून.

घर पुन्हा बंद करताना

माळ्याच्या झरोक्यांना जाळी लावून ते उघडे ठेवा, आतली दारं लोटून घ्या पण कुलूप लावू नका, म्हणजे वारा फिरेल. गाद्या आणि कपाटं भिंतीपासून हातभर लांब. मेन स्विच बंद. शिल्लक कौलं, निदान चाळीस-पन्नास, पडवीत उभी रचून ठेवा आणि ती कुठे आहेत हे चावी ठेवणाऱ्या शेजाऱ्यांना दाखवा. श्रावणात माकडांनी दोन कौलं सरकवली तर शेजारीच चढणार आहेत, त्यांना शिडी कुठे आहे हेही माहीत हवं.